ध्वनितबकडीची किंमत आणि ‘आवृत्ती’ची संकल्पना

एकाच साहित्यकृतीच्या स्वस्त आवृत्ती, संग्राह्य आवृत्ती आणि चिकित्सक आवृत्ती यांत संहिता जवळपास तीच असली, तरी वाचकाशी तिचे नाते बदलते, हे पाठचिकित्सेच्या अभ्यासकास परिचित आहे. संहितेभोवतीच्या सामग्रीविषयी फ्रेंच समीक्षक झेरार जेनेत यांनी १९८७ मध्ये केलेले सविस्तर विवेचनही याच दिशेचे आहे. ध्वनिमुद्रित संगीताच्या क्षेत्रात हा प्रश्न १९९९ नंतरच्या दशकात विशेष तीव्रतेने उपस्थित झाला. अधिक सूक्ष्म ध्वनीचे आश्वासन देणाऱ्या नव्या तबकड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी त्या काळात बाजारात आणल्या. त्यांच्या किंमतीचा व विक्रीनीतीचा इतिहास हा वस्तुतः ‘आवृत्ती’ ही संकल्पना ग्राहकास समजावून देण्यात आलेल्या अपयशाचा इतिहास आहे.

१९८२ मध्ये आलेल्या सीडीत ध्वनीचे सेकंदास ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांत, नोंदविले जातात. सोनी व फिलिप्स यांनी १९९९ मध्ये आणलेल्या सुपर ऑडिओ सीडीत, म्हणजे एसएसीडीत, एक-बिट पद्धतीने सेकंदास २८ लाखांहून अधिक नमुने घेतले जातात. तिची प्रतिस्पर्धी डीव्हीडी-ऑडिओ २००० मध्ये अवतरली. तीत २४ बिट व १,९२,००० नमुन्यांपर्यंतची सोय होती. दोन्हींत दोनाऐवजी पाच-सहा वाहिन्यांचा ध्वनी साठविता येई. यामागे केवळ ध्वनिसौंदर्याची प्रेरणा नव्हती. सीडीवरील ध्वनीची प्रत संगणकावर विनासायास निघत होती. नव्या तबकड्यांना मात्र प्रतिलिपी-प्रतिबंधाचे कुलूप होते. डीव्हीडी चित्रफितींचे कुलूप १९९९ मध्ये फोडले गेल्यामुळे डीव्हीडी-ऑडिओचे आगमन लांबले, यावरून या हेतूचे महत्त्व ध्यानी येते.

आरंभीची विक्रीनीती उच्चभ्रू होती. सोनीच्या पहिल्या एसएसीडी वादनयंत्राची अमेरिकेतील किंमत ५,००० डॉलर होती. सोनीच्या सुरुवातीच्या तबकड्या सीडीहून महाग होत्या आणि साध्या सीडी-वादनयंत्रावर वाजतही नसत. यादीत गाजलेल्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा भरणा होता. म्हणजे ज्या रसिकाने तीच कृती आधी लाँगप्लेवर व मग सीडीवर विकत घेतली होती, त्यालाच ती पुन्हा घेण्याचे आवाहन केले जात होते. या पुनर्खरेदीचे समर्थन मात्र तांत्रिक आकड्यांनी होत असे. कृतीत काय बदलले हे क्वचितच सांगितले जाई.

दुसऱ्या टप्प्यात दोन थरांची ‘हायब्रिड’ तबकडी पुढे आली. तिचा एक थर साध्या सीडी-वादनयंत्रावर वाजे. २००२ मध्ये अ‍ॅबको कंपनीने रोलिंग स्टोन्सचे २२ संग्रह याच रूपात काढले. परंतु वेष्टनावर एसएसीडीचा उल्लेख ठळक नव्हता. २००३ मध्ये बॉब डिलनचे १५ संग्रह व पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हायब्रिड स्वरूपात आले. येथे एक पेच निर्माण झाला. नवे स्वरूप ठळकपणे जाहीर करावे, तर साधे यंत्र बाळगणारा ग्राहक बिचकतो. न करावे, तर आपण काय घेतले हे त्यास कळतच नाही. एका बाजूस सीडी व दुसऱ्या बाजूस डीव्हीडी असलेल्या ‘ड्युअलडिस्क’ने २००५ मध्ये हा पेच सोडवू पाहिला. तथापि तिची सीडीची बाजू प्रमाणित मापांत बसत नसल्याने तिला सीडीचे अधिकृत चिन्ह लावता आले नाही.

दरम्यान, अ‍ॅपलने २००३ मध्ये एकेक गाणे ९९ सेंटला विकावयास आरंभ केला होता. बहुसंख्य श्रोत्यांनी सूक्ष्मतेपेक्षा सुलभतेस पसंती दिली.

२००७ मध्ये ब्रॅड मेयर व डेव्हिड मोरान यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात बोलका आहे. उच्च दर्जाचा ध्वनी सीडीच्या प्रमाणात उतरविला असता नेहमीच्या आवाजपातळीवर श्रोत्यांना फरक ओळखता आला नाही. परंतु त्याच लेखकांनी असेही नोंदविले की, या तबकड्या सर्वसाधारण सीडींहून सरस वाटत आणि त्याचे कारण बहुधा त्यांच्या निर्मितीत घेतलेली अधिक काळजी हे असावे. याचा अर्थ, मूल्य आकड्यांत नव्हते, संपादकीय श्रमांत होते: मूळ फितीची निवड, नवे ध्वनिमिश्रण, संयत मास्टरिंग. जाहिरात मात्र आकड्यांचीच झाली. चिकित्सक आवृत्तीची थोरवी कागदाच्या जाडीवरून सांगावी, तसा हा प्रकार होता.

पुढे मोठ्या कंपन्यांनी आपला उत्साह आवरता घेतला. पेंटाटोन, बीआयएस यांसारख्या अभिजात संगीताच्या छोट्या संस्थांनी व जपानच्या बाजारपेठेने एसएसीडी जिवंत ठेवली. २०२१ मध्ये अ‍ॅपल म्युझिकने २४ बिटांपर्यंतचा ध्वनी जादा शुल्क न आकारता देऊ केला, तेव्हा सूक्ष्मतेचे स्वतंत्र बाजारमूल्य बव्हंशी संपुष्टात आल्याचे स्पष्ट झाले.

आवृत्तीचा प्रश्न मात्र संपलेला नाही. त्या दशकातील कित्येक बहुवाहिनी मिश्रणे आज केवळ वापरलेल्या तबकड्यांच्या बाजारात आढळतात, आणि प्रवाहसेवेवरील श्रोत्यास आपण कोणती आवृत्ती ऐकत आहोत हे सहसा उमगत नाही. ध्वनिमुद्रणास संहिता मानणाऱ्या तौलनिक अभ्यासकाने कृतीच्या नावासोबत तिच्या आवृत्तीचीही नोंद करणे म्हणूनच अगत्याचे ठरते.