गावाच्या मधोमध (लेखांक सहावा) : महाडचं तळं आणि त्याभोवतीचा रस्ता

गेल्या आठवड्यात आपण जर्मनीच्या पार पूर्व टोकाला, ग्योर्लित्स शहरात होतो. दुसऱ्या महायुद्धात तिथली जुनी पेठ बॉम्बहल्ल्यांतून बहुतांशी वाचली, म्हणून चार हजारांहून अधिक संरक्षित वास्तू आजही उभ्या आहेत. पण १९४५ मध्ये नायसे नदी हीच सरहद्द ठरली, पलीकडचा काठ पोलंडमध्ये गेला आणि त्याचं झगोझेलेत्स झालं. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवलेला जुना पूल पुन्हा उभा राहायला २००४ साल उजाडलं.

महाड कुठल्याही देशाच्या सीमेवर नाही. तरीही गावाच्या ऐन मध्यातून सरहद्द जाते म्हणजे काय, हे समजून घ्यायचं तर महाडइतकं दुसरं ठिकाण महाराष्ट्रात मला दिसत नाही. इथली सरहद्द नदीने आखली नव्हती. ती एका तळ्याच्या काठावर होती आणि सगळ्या गावाला तोंडपाठ होती.

आधी गाव कुठे बसलं आहे ते पाहू. महाबळेश्वरला उगवलेली सावित्री पोलादपूरवरून खाली येते, महाडजवळ तिला गांधारी मिळते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून ती समुद्राला जाते. या खाडीची भरती थेट महाडपर्यंत चढते. त्यामुळे समुद्रापासून इतकं आत असूनही महाड बंदर झालं. भरती साधून पडाव गावापर्यंत येत, मोठ्या बोटी अलीकडे दासगावला थांबत. मागे सह्याद्रीचे घाट, पुढे खाडी, आणि दोन्हींकडचा माल जिथे हात बदलतो तिथे बाजारपेठ. गांधारपाल्याची बौद्ध लेणी गावाच्या उशाशीच आहेत, म्हणजे ही वाट किती जुनी आहे याचा अंदाज येतो. रायगड राजधानी झाला तेव्हा महाड त्याच्या पायथ्याची पेठ होती. १७९६ मध्ये नाना फडणवीस पुण्यातून निघून इथेच येऊन राहिले. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांकडून हरल्यावर दुसरा बाजीराव पळाला तोही याच वाटेने.

बंदराच्या गावाला पाणी सगळीकडे दिसतं, पण भरतीचं पाणी पिता येत नाही. म्हणून गोड्या पाण्याचं मोठं तळं ही अशा गावाची सगळ्यांत मोलाची मालमत्ता. महाडचं चवदार तळं चार-पाच एकरांचं आहे. चारही बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते आणि रस्त्यांपलीकडे घरं, बहुतेक सवर्ण हिंदूंची, काही मुसलमानांची. ही रचना लक्षात ठेवा, कारण पुढे कोर्टात तिचाच प्रश्न झाला. मुसलमानाला या तळ्यावर मज्जाव नव्हता, गुराढोरांनाही नव्हता. मज्जाव फक्त अस्पृश्यांना होता. खेड्यापाड्यांतून मोळी घेऊन आलेला, कचेरीच्या कामाला आलेला महार किंवा चांभार माणूस भर बाजारात तहानलेला राही.

या भागातल्या अस्पृश्य समाजात फौजेतून निवृत्त झालेले लोक बरेच होते. त्यांना लिहिता-वाचता येत होतं, त्यांनी जग पाहिलं होतं. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतलेच. १८९५ मध्ये ते महाड तालुका लोकल बोर्डावर नेमले गेले, तेव्हा त्यांच्यासोबत बसायलाही सवर्ण सभासदांनी विरोध केला. महाडचा लढा १९२७ मध्ये अचानक पेटला असं जे समजतात, त्यांनी हे नाव विसरू नये.

१९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडला : सरकारी पैशाने बांधलेले किंवा सरकारी देखरेखीखालचे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले व्हावेत. तो मंजूर झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सरहद्द पुसली गेली, काठावर मात्र कोणी उतरू शकत नव्हतं.

रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ उर्फ सुरबानाना टिपणीस यांनी १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरवली. परिषदेला आलेल्यांच्या पिण्यासाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. तळं हाकेच्या अंतरावर असताना. २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसं बाजारपेठेतून शिस्तीने चालत गेली, तळ्यावर उतरली आणि पाणी प्यायली. थोड्याच वेळात गावात अफवा उठवली गेली की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. वीरेश्वर हे महाडचं ग्रामदैवत. परतीच्या तयारीत असलेल्या, जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्याकाठ्या घेऊन हल्ला झाला. मुसलमान घरांनी काहींना आत घेतलं. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना आवरलं नसतं, तर फौजेत वर्षं काढलेल्या हातांनी त्या दिवशी काय केलं असतं ते सांगायला नको. नंतर १०८ घागरी पंचगव्य ओतून तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. जी संस्था त्या रस्त्यांची मालक होती, तीच मागे सरली.

डिसेंबरमध्ये सत्याग्रह ठरला तेव्हा परिषदेला जागा देईना कोणी, ती दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी. बाबासाहेब आणि मुंबईची मंडळी ‘पद्मावती’ बोटीने निघाली, खाडीतून दासगावला उतरली आणि तिथून पाच मैल चालत महाडला आली. ज्या जलमार्गाने गाव श्रीमंत झालं होतं, त्याच मार्गाने गावाला जाब विचारणारी माणसं आली. दरम्यान तळं खाजगी आहे असा दावा सवर्णांनी कोर्टात लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. या परिषदेची तुलना बाबासाहेबांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. कोर्टाचा मान राखून तळ्यावर जाणं त्यांनी पुढे ढकललं. हा निर्णय जमलेल्या लोकांना जड गेला, पण त्यामुळेच लढाई एका दिवसाची न राहता हक्काची झाली.

ती दहा वर्षं चालली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी अखेरचा निकाल दिला. प्रश्न दोनच : तळं कोणाचं, आणि मज्जावाची रूढी अनादी आहे का? तळं नगरपालिकेकडे निहित असल्याचं मान्य झालं, आणि रूढी अनादी असल्याचं काही सिद्ध झालं नाही. काठावर घर असलं म्हणून पाणी आपलं होत नाही. मध्ये सार्वजनिक रस्ता आहे. महाडच्या निकालाचं मर्म मला या रस्त्यात दिसतं, आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

आज तळ्यात बाबासाहेबांचा पुतळा आहे, गावात क्रांतिस्तंभ आहे, राष्ट्रीय स्मारक आहे. २० मार्च आणि २५ डिसेंबरला लाखोंनी माणसं येतात. पण बाजारपेठ, बंदर, वीरेश्वर, दासगावची वाट यांना सोडून तळं एकटं पाहिलं तर त्याचा अर्थ अर्धाच कळतो. पेठ तर दुसऱ्याच संकटात आहे. २२ जुलै २०२१ ला सावित्री-गांधारीच्या पुराने अख्खी बाजारपेठ बुडवली, त्याच दिवशी तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली. नदीतला गाळ आणि दासगावजवळचा रेल्वेचा भराव यांनी पाणी तुंबतं, असं महाडकर वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. दर पावसाळ्यात दुकान रिकामं करावं लागणार असेल, तर जुनी घरं कोण टिकवणार? ग्योर्लित्समध्ये एका अज्ञात दात्याने १९९५ पासून दोन दशकं दरवर्षी जुन्या पेठेच्या दुरुस्तीला दहा लाख मार्कांएवढी रक्कम दिली. महाडला दात्याची वाट पाहायची गरज नाही. गाळ काढणं आणि पुराचं नियोजन हे सरकारचं काम आहे, ते दर वर्षी, वेळेवर व्हायला हवं.

२० मार्च २०२७ रोजी त्या दिवसाला शंभर वर्षं पूर्ण होतात. महाडला जाल तेव्हा गाडी थेट तळ्याशी नेऊ नका. बाजारपेठेतून चालत जा, आणि पोहोचल्यावर तळ्याभोवतीच्या रस्त्यावरून एक पूर्ण फेरी मारा.