व्हेनेतोच्या मळ्यांतील प्रासाद

ऑगस्टच्या 15 तारखेला, फेर्रागोस्तोच्या सणास, इटलीतील शहरे ओस पडतात आणि बहुसंख्य माणसे समुद्राकडे वा डोंगराकडे धाव घेतात. परंतु व्हेनिसच्या पाठीशी पसरलेल्या व्हेनेतो प्रांतात सुट्टी घालविण्याची याहून जुनी रीत आहे, ती म्हणजे मळ्यातल्या वाड्यावर जाणे. अठराव्या शतकात व्हेनिसचे उमराव नोकरचाकरांसह नावांत बसून ब्रेंता नदीतून उन्हाळ्यासाठी बाहेर पडत, आणि या हौसेपायी कर्जबाजारी होणाऱ्या कुटुंबांवर कार्लो गोल्दोनीने 1761 साली तीन नाटकांची मालिकाच रंगभूमीवर आणली. आज ते उमराव राहिले नाहीत. पण सुट्टीच्या दिवशी आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे कुटुंब एखादा जुना वाडा पाहावयास निघते, आणि अशा मंडळींच्या मागोमाग हिंडण्यात मला जे शिकावयास मिळाले ते ग्रंथांतून मिळाले नव्हते.

इतिहास थोडक्यात असा: 1509 साली आन्यादेल्लोच्या लढाईत व्हेनिसने मार खाल्ला, सागरी व्यापाराचीही शाश्वती उरली नाही, धनिकांचे लक्ष जमिनीकडे वळले, आणि 1556 मध्ये पडीक व पाणथळ जमिनी लागवडीस आणण्यासाठी सरकारने स्वतंत्र खाते उघडले. जमीन आली म्हणजे मळ्यावर देखरेखीसाठी घर आले. ही घरे बांधणारा आंद्रेआ पाल्लादियो हा 1508 साली पादोव्हात एका चक्कीवाल्याच्या पोटी जन्मला आणि पाथरवटाच्या हाताखाली उमेदवारी करून वर आला. विचेन्त्सा शहर व पाल्लादियोच्या वाड्यांना पुढे युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. त्या यादीत 24 वाडे आहेत.

या सर्वांत माझे मन जडले आहे ते मासेर येथील बार्बारो बंधूंच्या वाड्यावर. थोरला दानिएले हा धर्माधिकारी आणि विद्वान. व्हित्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाच्या ग्रंथाचे त्याने केलेले सटीक भाषांतर 1556 साली प्रसिद्ध झाले, आणि त्यातील आकृत्यांसाठी त्याने पाल्लादियोचेच साहाय्य घेतले होते. टेकडीच्या उतारावरील या वाड्याचा मधला भाग एखाद्या रोमन देवालयाच्या दर्शनी बाजूसारखा दिसतो, पण त्याच्या दोन्ही अंगांस कमानींच्या ज्या लांबलचक पडव्या गेल्या आहेत त्या शेतीच्या कामासाठी आहेत, आणि त्यांच्या टोकांना कबुतरखाने असून त्यांवर छायाघड्याळे बसविली आहेत. देवालयाची ऐट आणि शेतघराचा संसार एकाच रेषेत मांडण्याचे धैर्य पाल्लादियोपूर्वी क्वचितच कोणी इतक्या सहजतेने दाखविले असेल.

वाड्यामागे डोंगराचा झरा आहे. 1570 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘वास्तुशास्त्राचे चार ग्रंथ’ या पुस्तकात पाल्लादियोने या पाण्याचा हिशेब दिला आहे: झऱ्याचे तळे होते व त्यात मासे पाळले जातात, तेथून पाणी स्वयंपाकघरात जाते, मग बागांना मिळते, पुढे सार्वजनिक रस्त्यालगत जनावरांच्या पिण्यासाठी येते आणि सरतेशेवटी फळबागेत मुरते. मूर्तींनी आणि नक्षीने मढविलेल्या या झऱ्याच्या कारंज्यापुढे उभे राहून, हेच पाणी आता भांडी घासावयास जाणार आहे, ही कल्पना मनाशी आणली की या वाड्याचे सौंदर्य मला अधिकच खरे वाटू लागते.

आत जाताना जोड्यांवर नमद्याच्या सपाता चढवाव्या लागतात, आणि मग पाओलो व्हेरोनेझेची भित्तिचित्रे सुरू होतात. 1560 च्या सुमारास त्याने या भिंतींवर खोटी दारे, खोट्या खिडक्या आणि त्यांपलीकडचे खोटे रान रंगविले. छताजवळच्या रंगविलेल्या सज्जात घरची मालकीण जुस्तिनियाना आपल्या वृद्ध दाईसह उभी आहे. जवळच पोपट आहे, कुत्रा आहे. आणि एका खोट्या दाराची फळी किंचित उघडून एक मुलगी डोकावते आहे. त्या मुलीपुढे एका इटालियन आजीने नातवाला, “बघ, ही आत येऊ का म्हणून विचारते आहे,” असे सांगितलेले मी ऐकले, आणि चित्राचे याहून नेमके विवरण मला ठाऊक नाही. पाल्लादियोने मात्र आपल्या पुस्तकात या वाड्याचे वर्णन करताना व्हेरोनेझेचे नावही घेतलेले नाही. आपण मोजून उभारलेल्या भिंती दुसऱ्याने रंगांनी फोडल्या, हे त्याला रुचले नसावे, असे माझे मत आहे.

विचेन्त्साजवळचा रोतोन्दा हा वाडा अधिक प्रसिद्ध आहे. चारही बाजूंना सारखीच स्तंभयुक्त देवडी, मध्ये घुमट. ती कृती निर्दोष आहे हे मान्य करूनही, मासेरच्या पडव्यांतला धान्याचा वास तिला नाही, एवढे मी म्हणेन.

भिंती रंगविण्याची हौस या प्रांतात उघड्या रस्त्यावरही जुनीच आहे. पाल्लादियो जन्मला त्याच 1508 साली जोर्जोने आणि तित्सियानो व्हेनिसमध्ये जर्मन व्यापाऱ्यांच्या वखारीच्या बाहेरच्या भिंती रंगवीत होते. खाऱ्या हवेने त्यांचे तुकडेच काय ते उरले. पण ही जुनी हौस ठाऊक असल्यामुळे, पादोव्हाच्या गल्लीत केनी रँडम या आजच्या चित्रकाराने भिंतीवर रंगविलेला उंच टोपीवाला काळा मनुष्य भेटतो, तेव्हा तो मला उपरा वाटत नाही.

आधुनिक वास्तुकलेसाठी मासेरहून थोड्याच अंतरावर सान व्हितो दाल्तिव्होले या खेड्यातील दफनभूमीत जावे. रेडिओ व दूरचित्रवाणी संचांचे कारखानदार जुझेप्पे ब्रिओन यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी ओनोरिना यांनी कार्लो स्कार्पाकडून हे स्मारक बांधवून घेतले. 2022 साली ते इटलीतील वारसा जपणाऱ्या एका न्यासाच्या हवाली झाले. वास्तुविशारदाच्या परवान्याच्या परीक्षेस न बसल्यामुळे ज्याला न्यायालयात खेचण्यात आले, तो स्कार्पा हा व्हेनिसचा कलावंत 1978 साली जपानात वारला, आणि त्याला याच आवारात पुरले आहे. काँक्रीटच्या कडा साडेपाच सेंटिमीटरच्या मापाने पायरी-पायरीने कापलेल्या. प्रवेशापाशी एकमेकांत गुंतलेली दोन वर्तुळे. एकमेकांकडे कललेल्या पतिपत्नींच्या थडग्यांवर पुलासारखी कमान. तळ्यावरच्या मंडपाकडे जाताना हाताने दाबली की जमिनीत उतरणारी काचेची झडप, आणि तिला उचलून धरणाऱ्या कप्प्या बाहेरच्या भिंतीवर उघड्याच मांडलेल्या. थडगी आणि तळे यांना पाण्याची एक अरुंद चर जोडते. ही दोन्ही स्थळे एकाच दिवसात पाहावीत आणि मासेरला आधी जावे, असा माझा आग्रह आहे. झऱ्याचा तो कारभार पाहून आलेल्या माणसाला स्कार्पाची चर शोभेची वाटत नाही, ती कोठून निघते आणि कोठे जाते याचा माग तो आपण होऊन काढू लागतो.