निळ्या रंगाचं दुखणं

टीव्हीच्या दुकानात सगळे पडदे एकदम झगमगत असतात, आणि नेमकी तिथेच पडद्याची पारख होत नाही. पारखायचंच असेल तर दिवे मालवून एखादा रात्रीचा प्रसंग लावावा. चांगल्या एलसीडीवरही काळं आभाळ जरा राखाडीच दिसतं. पडद्यामागे दिवा जळत असतो आणि त्याचा प्रकाश कुठे सोडायचा, कुठे अडवायचा, हे द्रवस्फटिक ठरवतात. खिडकीच्या झडपा कितीही घट्ट लावल्या तरी फटीतून उजेड झिरपतो, तसंच हे. दुकानदार ‘एलईडी टीव्ही’ म्हणून दाखवतो तोही मुळात एलसीडीच. एलईडी असतात फक्त मागच्या दिव्यात.

ओएलईडीमध्ये मागचा दिवाच नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि नको तेव्हा पूर्ण विझतो. याचं मूळ अमेरिकेतल्या रोचेस्टर शहरात, ईस्टमन कोडॅकच्या प्रयोगशाळेत आहे. चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७मध्ये सेंद्रिय रसायनांचे दोन अतिशय पातळ थर विद्युतअग्रांमध्ये बसवले. एका बाजूने इलेक्ट्रॉन, दुसऱ्या बाजूने धन ‘पोकळ्या’. दोन्हींची गाठ पडली की ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. दहा व्होल्टच्या आतच छान हिरवा उजेड मिळाला. कोडॅकचं नशीब असं, की डिजिटल कॅमेराही तिच्याच घरात जन्मला आणि हाही शोध. पण दोन्हींची मलई इतरांनी खाल्ली. २००९मध्ये तिने ओएलईडीचा व्यवसाय एलजीला विकला आणि २०१२च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला.

सोनीने २००७मध्ये पहिला ओएलईडी टीव्ही बाजारात आणला, तो ११ इंची. पडदा जेमतेम तीन मिलिमीटर जाड, किंमत दोन लाख येन! एलजीचा ५५ इंची टीव्ही यायला २०१३ उजाडलं. इतका वेळ लागण्यामागे कारणं अनेक होती, पण सर्वांत चिवट कारण निळ्या रंगाचं.

साध्या सेंद्रिय रेणूंमध्ये विजेने उद्दीपित झालेल्या चार अवस्थांपैकी सरासरी एकच प्रकाश देते. उरलेल्या तिघींची ऊर्जा उष्णतेत वाया जाते. स्टीफन फॉरेस्ट, मार्क थॉम्प्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस प्लॅटिनम, इरिडियमसारखे जड धातू रेणूत गुंफून ही गळती थांबवली. लाल आणि हिरव्याचा प्रश्न सुटला. निळा मात्र हटून बसला. निळ्या प्रकाशकणाची ऊर्जा लाल कणापेक्षा बरीच जास्त, इतकी की ती रेणूतल्या बंधांच्या ताकदीजवळ पोहोचते. म्हणजे उजळता उजळता रेणू स्वतःलाच मोडत जातो. निळा आधी थकला की चित्रावर पिवळसर झाक येते.

यातून कंपन्यांनी वाटा काढल्या. एलजीने ठिपक्यांतून पांढरा प्रकाश काढून त्यावर रंगीत गाळण्या लावल्या. गाळण्या उजेड खातात म्हणून चौथा, बिनगाळणीचा पांढरा ठिपकाही जोडला. सॅमसंगची २०२२मधली युक्ती मला जास्त धाडसी वाटते. तिथे सेंद्रिय थरांतून मुख्यतः निळाच प्रकाश काढतात आणि तो क्वांटम डॉट या अतिसूक्ष्म स्फटिकांवर पाडतात. स्फटिकाच्या आकारानुसार त्यातून लाल किंवा हिरवा प्रकाश बाहेर येतो. या स्फटिकांच्या शोधासाठी बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण गंमत पाहा: सगळ्यांत अशक्त रंगाच्याच डोक्यावर सारा भार! म्हणून तिथे निळे थर एकावर एक रचून ओझं वाटून द्यावं लागतं.

मे २०२५मध्ये एलजी डिस्प्लेने जड धातूयुक्त निळ्या रेणूंचा पडदा व्यापारी उत्पादनाच्या दर्जाला पोहोचल्याचं जाहीर केलं. त्यात वीज सुमारे १५ टक्के कमी लागते, असा कंपनीचा दावा आहे. हा पडदा फोन आणि टॅबलेटच्या मापाचा आहे, आणि त्याच्या दोन निळ्या थरांपैकी वरचाच नव्या रेणूंचा. टिकाऊपणासाठी खालचा थर जुन्याच, चारातली एक अवस्था उजळणाऱ्या रेणूंचा ठेवला आहे.