पाचवीच्या वर्गात अमेरिका कशासाठी?



दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या पाचवीच्या वर्गाने 'एकोणिसाव्या शतकातील अमेरिका' हा गटप्रकल्प हाती घेतला आहे. तेव्हापासून पालक-सभेत, इतकेच काय शाळेच्या फाटकाशीही, आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो. पाचवीच्या पुस्तकात अमेरिका नाही, परीक्षेत ती येणार नाही, मग मुलांचा वेळ त्यात का घालवायचा? प्रश्न रास्त आहे. उत्तर जरा सविस्तर द्यावे लागेल, म्हणून या अंकातील आमची जागा त्यासाठीच घेत आहोत.

आधी 'प्रोजेक्ट' या शब्दाविषयी. हल्ली प्रोजेक्ट म्हटले की स्टेशनरीच्या दुकानातून थर्माकोल आणायचे, इंटरनेटवरून चार पाने छापून घ्यायची, झिलेटीन पेपर लावायचा आणि रात्री अकरापर्यंत आईने ते सजवायचे, असा अर्थ झाला आहे. मूल तोवर झोपलेले असते! सकाळी ते चार्ट सांभाळत रिक्षात बसते, एवढाच त्याचा सहभाग. ही सजावट झाली, शोध नव्हे. ज्याचे उत्तर मुलाला ठाऊक नाही आणि एका पुस्तकाच्या एका पानावर आयते मिळणारही नाही, असा प्रश्न असला तरच शोधाला सुरुवात होते.

मग अमेरिकाच का? आमच्या मुलांच्या लेखी अमेरिका म्हणजे मावशीचे किंवा काकाचे घर, रविवारचा व्हिडिओ कॉल आणि चॉकलेटे. त्या देशाला काही इतिहास आहे आणि त्यातला बराचसा आपल्या मराठी माणसांनी त्याच काळात पाहिला, वाचला, त्यावर लिहिले, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. मराठी घरातून अमेरिकेच्या एकोणिसाव्या शतकाकडे जायला निदान पाच वाटा आहेत. वर्गात मुले तीस, म्हणून सहा-सहांचे पाच गट केले आणि प्रत्येक गटाला एक वाट दिली.

पहिला गट कापसाचा. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तरेची आणि दक्षिणेची राज्ये आपसात लढू लागली. आम्ही स्वतः हिंदी माध्यमात शिकलो, आमच्या पुस्तकांत याला 'गृहयुद्ध' म्हटले होते. मराठीत 'यादवी' म्हणतात. यादवी म्हणजे काय, हे मुलांनी आपापल्या आजीला विचारले आणि प्रभासक्षेत्री यादवांनी एकमेकांचा केलेला संहार दुसऱ्या दिवशी वर्गात आला. एक शब्द समजला आणि युद्धाचे स्वरूपही समजले.

तर या यादवीत अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस याच दक्षिणेतून जात असे. तो थांबल्यावर इंग्रज व्यापारी हिंदुस्थानच्या कापसाकडे वळले. मुंबईत भाव आकाशाला भिडले, शेअर बाजारात पैशांचा पूर आला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईतल्या बँका, कंपन्या धडाधड बुडाल्या. मुलांनी जगाच्या नकाशावर दोऱ्याने न्यू ऑर्लिन्स ते लिव्हरपूल आणि मुंबई ते लिव्हरपूल असे दोन मार्ग दाखवले. मुंबईचा दोरा त्यांनी सुएझमधून नेला होता. वर्गशिक्षिकेने सुएझ कालवा कधी उघडला ते शोधायला सांगितले. १८६९! म्हणजे युद्धाच्या काळात कापसाची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात होती. दोरा सोडून पुन्हा लावला गेला, आणि तो पहिल्यापेक्षा कितीतरी लांब लागला. ही गोष्ट ती मुले आता विसरणार नाहीत.

याच गटाने पुढे इंदूरचा धागा पकडला. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांच्या काळात, १८७० च्या आसपास, इंदूरला संस्थानची कापड गिरणी सुरू झाली. तेव्हा इंदूरला रेल्वे नव्हती, यंत्रे रेल्वेविनाच आणावी लागली. पुढे शहरात एकामागून एक मिल उभ्या राहिल्या. आज त्या बंद आहेत, पण मालवा मिल, राजकुमार मिल ही नावे चौराह्यांना आणि वस्त्यांना चिकटून आहेत. मुलांनी लगेच निष्कर्ष काढला, 'अमेरिकेत युद्ध झाले म्हणून इंदूरला मिल झाली.' वाक्य मोठे आकर्षक आहे, आम्हालाही आवडले. परंतु एकामागून दुसरी गोष्ट घडली म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असे होत नाही, त्याला पुरावा लागतो. म्हणून ते वाक्य खोडले नाही, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह घातले. आमच्या मते या महिन्यात वर्गात झालेले सर्वांत चांगले काम म्हणजे ते प्रश्नचिन्ह.

रेल्वेच्या गटाचे काम गणिताकडे जास्त झुकले. १० मे १८६९ रोजी अमेरिकेत पूर्व आणि पश्चिम किनारे जोडणारा लोहमार्ग युटामधल्या प्रॉमंटरी येथे पुरा झाला. १८७० साली तुकोजीराव महाराजांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्जाऊ दिले, व्याज दरसाल साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षे. वर्षाचे व्याज किती? साडेचार लाख. मुदत कधी संपली असती? १९७१ साली. अमेरिकेचा मार्ग पश्चिमेकडून मुख्यतः चिनी मजुरांनी आणि पूर्वेकडून पुष्कळशा आयरिश मजुरांनी बांधला, हे पुस्तकात मिळाले. मग आपल्या पातालपानीच्या घाटातले बोगदे कोणी खणले? महाराजांचे नाव मिळाले, मजुरांचे एकही नाही. हा रकाना रिकामाच आहे.

रकाना म्हणजे काय तेही सांगतो. प्रत्येक मुलाच्या वहीत (आमची मुले 'कॉपी' म्हणतात) तीन रकाने आखले आहेत. काय सापडले, कुठे सापडले, अजून काय कळले नाही. गुण तिसऱ्या रकान्यालाही आहेत. छापील कागद चिकटवायचे नाहीत. घरच्यांना प्रश्न विचारायचे, पण वहीत त्यांनी लिहायचे नाही. नोंदी हिंदीत, मराठीत, जशा सुचतील तशा, परंतु सांगायचे मात्र मराठीतून. गटातील सहा जणांचे सहा प्रश्न वेगळे असतात, त्यामुळे एक हुशार मूल सगळे करून मोकळे झाले आणि बाकीचे पाहत राहिले, असे होत नाही. ही युक्ती आमची नाही. टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे १९७१ साली एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने ती वर्गात आणली. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा एकत्र झाल्या होत्या, मुले एकमेकांशी धड बोलत नव्हती. प्रत्येकाकडे माहितीचा एकेकच तुकडा दिला तेव्हा त्यांना एकमेकांचे ऐकावे लागले.

आता तिसरा गट. याच्याविषयी काही पालक आमच्याकडे नाराजी व्यक्त करून गेले आहेत, म्हणून स्पष्टच लिहितो. १८६० च्या शिरगणतीप्रमाणे अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसे गुलाम होती. १ जानेवारी १८६३ ला लिंकन यांची मुक्तीची घोषणा झाली आणि डिसेंबर १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी कायमची बंद झाली. मुलांना आम्ही यातून फ्रेडरिक डग्लस याची गोष्ट दिली. बाल्टिमोरमध्ये मालकीण त्याला अक्षरे शिकवू लागली, मालकाने ते थांबवले, तेव्हा या पोराने गल्लीतल्या गरीब गोऱ्या मुलांना पाव देऊन त्यांच्याकडून वाचायला शिकून घेतले. १८३८ साली तो पळून गेला आणि १८४५ साली त्याने आपले चरित्र लिहिले. दहा वर्षांच्या मुलाला हे सगळे समजते. फटक्यांची वर्णने किंवा माणसांच्या विक्रीची चित्रे आम्ही दाखवत नाही.

पण गोष्ट तिथे थांबत नाही. १८७३ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी पुण्यात 'गुलामगिरी' हे पुस्तक काढले आणि ते अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केले. आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना मोकळे करावे, अशी इच्छा त्या अर्पणपत्रिकेत आहे. पुस्तक मुलांना वाचायला दिलेले नाही, ते पाचवीचे पुस्तक नव्हे. अर्पणपत्रिकेचा अर्थ तेवढा सांगितला आणि विचारले, इतक्या दूरच्या माणसांना पुण्यातल्या माणसाने पुस्तक का अर्पण केले असेल?

एका मुलीने तिसऱ्या रकान्यात लिहिले, 'आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींचा कप वेगळा असतो. असे का?'

इतक्या लहान वयात हा विषय नको, असे नाराज पालकांचे म्हणणे. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. परंतु गुलामगिरी वगळून अमेरिकेचे एकोणिसावे शतक शिकवता येत नाही, आणि जोतीरावांना वगळून ते मराठीत शिकवता येणार नाही. ज्यांचा जन्म आपल्या शेजारच्या महूत १८९१ साली झाला ते बाबासाहेब आंबेडकर पुढे १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. त्यांची जयंती आपण शाळेत साजरी करतो, भाषणे पाठ करून घेतो. मग मूल स्वतःच्या घराबद्दल आपणहून काही विचारत असेल, तर ती ओळ खोड असे आम्ही त्याला सांगणार नाही. त्या घरात पुढे काय बोलणे झाले, हे आम्ही विचारले नाही. तो त्या घराचा विषय आहे.

आनंदीबाई जोशींचा गट सर्वांत उत्साही. याचे अर्धे श्रेय सिनेमाला! २०१९ चा 'आनंदी गोपाळ' बऱ्याच मुलांनी घरी पाहिला आहे. त्यामुळे 'सिनेमात दाखवले आहे' हा पुरावा होतो का, यावरच दोन तास गेले. श्री. ज. जोशी यांचे 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी आहे, त्यातले संवाद लेखकाने रचलेले आहेत, हेही मुलांना नवे होते. मग पक्के काय? आनंदीबाई १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या, तेव्हा त्या १८ वर्षांच्या होत्या. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि न्यू जर्सीतील रोझेल गावी थिओडिसिया कार्पेंटर यांच्या घरी राहिल्या. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, बाविशीही पुरी व्हायच्या आत, पुण्यात वारल्या. वर्गातल्या एकीची मावशी न्यू जर्सीतच राहते. बारा वर्षे तिथे राहून रोझेलची ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती. ती भाचीकडून कळली!

या गटाला एक छायाचित्र दिले आहे. ऑक्टोबर १८८५ मध्ये त्याच महाविद्यालयातील तीन विद्यार्थिनींचे ते काढलेले आहे. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली. प्रत्येकीने आपापल्या देशाचा पोशाख केला आहे. प्रत्येक मुलाने या चित्रात जे दिसते तेवढेच दहा ओळींत लिहायचे, जे वाटते ते वेगळे लिहायचे. मोठ्यांनीही करून पाहावे, वाटते तितके सोपे नाही.

पाचव्या गटाकडे पंडिता रमाबाई आहेत. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या हजर होत्या, अमेरिकेत पुढे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या आणि १८८९ साली त्यांनी तिथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले. त्याची भाषा मुलांना अवघड जाते, म्हणून वर्गशिक्षिका निवडक भाग वाचून दाखवतात. हा गट थोडा मागे आहे, पण घाई नाही.

खुद्द अमेरिकेत १९७४ साली क्लीव्हलंडमध्ये 'नॅशनल हिस्टरी डे' सुरू झाला. तिथे मुले स्वतः विषय निवडून मूळ कागदपत्रांवरून शोध घेतात, मात्र सहावीपासून पुढची. आमची पाचवीची मुले लहान आहेत, हे मान्य. म्हणूनच शनिवारचे दोनच तास दिले आहेत आणि परीक्षेचा अभ्यास नेहमीप्रमाणे चालू आहे.

प्रदर्शन वार्षिक दिनाला नसून वर्गातच होईल, दिवस कळवूच. येणाऱ्या पालकांनी चार्टची स्तुती करण्यापेक्षा मुलांना 'हे तुला कुठे सापडले?' एवढे विचारावे. आणि एक विनंती कापसाच्या गटाकडून आहे. आपल्यातील काही घरांतील आजोबा-पणजोबा इंदूरच्या मिलमध्ये होते. त्यांचा जुना पास, पगाराचा कागद, हजेरीचे कार्ड, एखादे पत्र जपून ठेवलेले असेल तर त्याची फोटोकॉपी शनिवारी दुसऱ्या तासाला पाचवीच्या वर्गात आणून द्यावी. मूळ कागद देऊ नये. मुले पोचपावती लिहून देतील.