समजून घ्या : येशूचे दाखले आणि नगरचे ख्रिस्ती कीर्तन

दाखला म्हणजे काय?
रोजच्या व्यवहारातील छोटी गोष्ट सांगून ऐकणाऱ्याला विचार करायला लावणे, ही येशूची शिकवण्याची पद्धत. अशा गोष्टीला मराठी बायबलमध्ये ‘दाखला’ म्हणतात.

नगरशी संबंध काय?
अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला काम सुरू केले. पुढे इथल्या ख्रिस्ती मंडळींनी उपदेशासाठी कीर्तन स्वीकारले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन नगरला आलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही कीर्तने केली.

दाखला कीर्तनात का शोभतो?
कीर्तनाच्या पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान असते. दाखला म्हणजे तयार आख्यानच. पेरणाऱ्याच्या दाखल्यात (मत्तय १३) काही बी वाटेवर, काही खडकाळीवर, काही काट्यांत पडून वाया जाते. चांगल्या जमिनीत मात्र तीसपट, साठपट, शंभरपट पीक येते. पावसाच्या भरवशावर पेरणाऱ्या जिल्ह्यात हे वेगळे समजवावे लागत नाही.

उपदेशकाने काय टाळावे?
तात्पर्य सांगून गोष्ट संपवणे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात (लूक १५) धाकटा परत येतो, मेजवानी होते. थोरला रागाने बाहेरच थांबतो. बाप त्याची समजूत काढतो. तो आत गेला का, हे येशू सांगत नाही. पापी लोकांसोबत जेवतो म्हणून कुरकुर करणाऱ्यांनाच त्याने हा दाखला ऐकवला होता. दर रविवारी चर्चमध्ये बसणाराही थोरल्याच्याच जागी असू शकतो. त्याचे उत्तर त्यालाच शोधू द्यावे.