ऑपरेशन झाले, पण जिभेवर नवा चट्टा दिसतो

आमच्या वस्तीतल्या एका मावशींचे सहा वर्षांपूर्वी गालाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले. मिश्री सुटली, मावशी नातवंडांत रमल्या. परवा चूळ भरताना आरशात जिभेच्या कडेला पांढरा चट्टा दिसला. आठ दिवस त्यांनी कुणाला सांगितले नाही. शेवटी सुनेपाशी बोलल्या, "पोरानं माझ्यापायी आधीच कर्ज काढलंय. परत त्याच्या जिवाला घोर कशाला?"

भगिनींनो, ही चूक कुणीही करू नये.

जुना कॅन्सर परत येणे वेगळे आणि नवा होणे वेगळे. तंबाखू, मिश्री, गुटखा एकाच जागी बसत नाहीत. त्यांचे विष सगळ्या तोंडाला, घशाला लागते. १९५३ साली डॉ. स्लॉटर व सहकाऱ्यांनी ७८३ रुग्णांचा अभ्यास मांडला. गाठीभोवतीची, वरून चांगली दिसणारी कातडीही बिघडलेली असते, असे त्यांना आढळले. म्हणून एक गाठ काढली तरी दुसऱ्या जागी नवी होऊ शकते. तंबाखू चालू राहिली तर धोका आणखी वाढतो.

घाबरून मात्र जाऊ नका. प्रत्येक चट्टा कॅन्सर नसतो. टोकदार दात घासूनही जखम होते. पण हे डोळ्यांनी ठरत नाही, तुकडा तपासावाच लागतो. 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' ही समजूत खोटी आहे.

पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, मानेत गाठ, गिळताना त्रास, आवाजात बदल, तोंड कमी उघडणे, यांपैकी काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. ज्यांचे ऑपरेशन झाले आहे त्यांनी दोन आठवडेही थांबू नये. जुने कागद घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा. बरे वाटते म्हणून तपासणीच्या तारखा चुकवू नका. पाच वर्षे झाली तरी वर्षातून एकदा दाखवावे.

खर्चाची चिंता खरी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड व ओळखपत्र घेऊन योजनेतील इस्पितळात आरोग्यमित्राला भेटा.

मावशींना मुलगाच घेऊन गेला. तुकडा तपासला. कॅन्सर नव्हता, पण पुढे होण्याची लक्षणे होती. चट्टा वेळीच काढला. मुलगा एवढेच म्हणाला, "आई, लपवलं असतंस तर खरा घोर लागला असता."