गाडीतले सर्वांत बलवान यंत्र कोणते?

तुमच्यापैकी जे पिंपरी, चिंचवड, भोसरी किंवा चाकणला राहतात, त्यांच्या घरी किंवा शेजारी कोणी ना कोणी मोटारीच्या कारखान्यात कामाला असतेच. कोणी जोडणी करतो, कोणी लेथवर सुटे भाग कातून देतो. त्यामुळे जुनी गाडी विकत घ्यायची आणि ती पुन्हा नव्यासारखी उभी करायची, हा छंदही या भागात पुष्कळांना असतो. अशा मंडळींची एक आवडती गाडी म्हणजे सिएरा. टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, पुण्याजवळच्या पिंपरी येथील कारखान्यातून ही तीन दारांची दणकट मोटार १९९१ मध्ये बाहेर पडली. मागच्या बाजूला छतापर्यंत वळत गेलेली मोठी काच ही तिची खूण. २०२५ मध्ये त्याच नावाची नवी गाडी बाजारात आली. पण आपण बोलणार आहोत ते जुन्या सिएराविषयी.

समजा, तुमच्या काकांनी अशी एक गाडी विकत आणली. घरातले सगळे भोवती जमले आणि यादी तयार होऊ लागली. एक म्हणतो, टर्बो बसवू. दुसरा म्हणतो, दिवे प्रखर हवेत. तिसऱ्याला नवा रंग आणि रुंद टायर हवेत. पैसे मात्र मोजकेच आहेत. मग पहिले काम कोणते? हा प्रश्न आवडीनिवडीवर सोडायचे कारण नाही. शाळेत शिकलेले भौतिकशास्त्र त्याचे उत्तर देऊ शकते.

इंजिनाची ताकद

सिएराच्या इंजिनाचे नाव ४८३. यातला ४ म्हणजे सिलिंडरांची संख्या आणि ८३ म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा मिलिमीटरमधील व्यास. दट्ट्या वरखाली सरकतो ते अंतर ९० मिलिमीटर. आता वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरा. त्रिज्या ४.१५ सेंमी, उंची ९ सेंमी. एका सिलिंडरचे घनफळ सुमारे ४८७ घन सेंमी आणि चारांचे १९४८ घन सेंमी. कंपनीच्या माहितीपत्रकात हाच आकडा असे!

हे डिझेल इंजिन सुमारे ६३ अश्वशक्तीचे होते. एक अश्वशक्ती म्हणजे साधारण ७३५ वॉट. म्हणजे इंजिनाची जास्तीत जास्त शक्ती झाली सुमारे ४६ किलोवॉट.

आणि ब्रेकची?

माणसे व सामान धरून गाडीचे वस्तुमान २००० किलोग्रॅम मानू. ती ताशी ७२ किमी, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जात आहे. तिची गतिज ऊर्जा, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग याची निमपट, भरते चार लाख ज्यूल.

एवढी ऊर्जा गाडीला द्यायला ४६ किलोवॉटच्या इंजिनाला, हवेचा विरोध आणि घर्षण अजिबात नाही असे धरले, तरी जवळजवळ ९ सेकंद लागतील. आता अचानक रस्त्यात गाय आडवी आली. कोरड्या रस्त्यावर ब्रेक जोरात दाबला, तर वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद या दराने कमी होतो असे समजू. गाडी ४ सेकंदांत थांबेल. म्हणजे इंजिनाने निदान ९ सेकंदांत जमवलेली सगळी ऊर्जा ब्रेकने ४ सेकंदांत काढून घेतली. सरासरी शक्ती झाली १०० किलोवॉट. ब्रेक दाबताक्षणी तर ती याच्याही दुप्पट असते: बल १०,००० न्यूटन, वेग २०, गुणाकार २०० किलोवॉट.

तेव्हा गाडीतले सर्वांत बलवान यंत्र इंजिन नसून ब्रेक आहे, आणि तेही चौपटीहून अधिक! जुन्या गाडीच्या यादीत पहिला मान त्याचा का, हे आता लक्षात आले असेल.

वर्गाचा हिशेब

थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वरचेच मंदन धरले, तर ताशी ५४ किमी वेगाला २२.५ मीटर, ७२ ला ४० मीटर आणि १०८ ला ९० मीटर. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एखादा सेकंद जातो. तेवढ्यात गाडी अनुक्रमे १५, २० व ३० मीटर पुढे गेलेली असते. ५४ चा वेग १०८ झाला, म्हणजे दुप्पटच झाला. पण ब्रेकचे अंतर चौपट झाले.

अमेरिकेतही हा धडा गिरवावा लागला. तेथे १९६४ साली पाँटिॲक जीटीओ ही मोटार आली. मध्यम आकाराच्या गाडीत सुमारे ६.४ लिटरचे भलेमोठे इंजिन बसवलेले. अशा गाड्यांना तेथे ‘मसल कार’ म्हणतात. इंजिन पहिलवानाचे, पण चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक! तापले की त्यांची पकड सैल होई. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक मागवण्याची सोय ग्राहकाला १९६७ साली मिळाली.

घाटातली उष्णता

खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. २००० किलोच्या गाडीची स्थितिज ऊर्जा तेवढ्यात एक कोटी ज्यूलने कमी होते. ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरली, तर तेवढ्या उष्णतेने ३० अंशांचे ३४ लिटर पाणी उकळीला येईल. म्हणूनच घाट खालच्या गिअरमध्ये उतरायचा असतो. मग ही ऊर्जा इंजिनही शोषून घेते आणि ब्रेक थंड राहतो.

ब्रेक पॅडलवरचा दाब चाकापर्यंत पोहोचतो तो पास्कलच्या नियमाने, नळीतल्या ब्रेक ऑइलमधून. हे ऑइल हवेतली वाफ शोषते. डॉट ३ जातीच्या कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात ऑइल उकळले, की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पॅडल तळाला जाते आणि चाकापर्यंत काहीच पोहोचत नाही! म्हणून काकांच्या यादीत पहिली ओळ अशी: ब्रेक ऑइल पूर्ण बदलणे, रबरी नळ्या, सिलिंडरची रबरे, पॅड आणि लायनर तपासणे, नळीतली हवा काढणे. खर्च टर्बोच्या मानाने किरकोळ.

टायर, दिवे आणि मग टर्बो

ब्रेक चाक थांबवतो. गाडी थांबवते ती टायर आणि रस्ता यांमधील घर्षण. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ असे असेल, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर ऊन, ऑक्सिजन आणि ओझोन यांनी कडक होते, चिरा पडतात. तेव्हा नक्षी चांगली दिसते एवढ्यावर जाऊ नये. यादीची दुसरी ओळ टायर, शॉक ॲब्झॉर्बर आणि स्टिअरिंगचे सांधे यांची.

तिसरी ओळ वायरिंगची. ५५ वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर घेतात; ९० वॉटचे दोन घेतात १५ अँपिअर. तारेतली उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट. तीस वर्षांपूर्वीच्या तारेचे वेष्टण एवढे सोसेलच असे नाही. प्रखर दिव्याआधी वायरिंग सुधारले पाहिजे. शिवाय नियमापेक्षा जास्त वॉटचा दिवा समोरच्याचे डोळे दिपवतो.

टर्बो शेवटी. बाहेर पडणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर तो एक पंखा फिरवतो आणि सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो. जास्त हवेत जास्त डिझेल जळते. टेल्कोने स्वतः १९९७ मध्ये सिएराला टर्बो दिला आणि शक्ती ९० अश्वशक्तीच्या आसपास गेली. पण तो कारखान्याने योजलेला बदल होता. घरच्या गाडीत दट्ट्यांची झीज, रेडिएटर, गॅस्केट यांची तपासणी आधी हवी. कायदाही पाहावा लागतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकातील कारखान्याने ठरवलेली वैशिष्ट्ये मनाला येईल तशी बदलता येत नाहीत, आणि पंधरा वर्षांनंतर खाजगी मोटारीची नोंदणी वाहन तपासणीनंतरच पुढे पाच वर्षांसाठी वाढवून मिळते.

आता काकांना यादी वाचून दाखवा: आधी थांबणे, मग रस्ता धरणे, मग वायरिंग आणि दिवे, आणि शेवटी धावणे. रंग त्याच्याही नंतर; गंज मात्र रंगाआधी काढावा, कारण रंगाखाली तो वाढतच राहतो.

वर्गात करून पाहा

औषधाच्या दुकानातून ५ व २० मिलिलिटरच्या सुया नसलेल्या दोन सिरिंज आणा. प्लॅस्टिकच्या नळीने त्या जोडा आणि आत पाणी भरा. लहान सिरिंज दाबताच मोठी लगेच सरकते. पण कमी अंतर सरकते आणि जास्त जोर लावते. मोठीवर वजन ठेवून पाहा. मग नळीत मुद्दाम हवेचा मोठा बुडबुडा घ्या आणि पुन्हा दाबा. बोटाला जो मऊपणा लागेल, तोच घाटात चालकाच्या पायाला लागतो. फक्त तेव्हा प्रयोग पुन्हा करायला वेळ नसतो.